मोटारीचा तिसरा श्वास

आपली मराठी भाषा मोटारीला फार लौकर घरातले माणूस करून टाकते. मोटार पेट्रोल पिते, तेल खाते, थंडीत सकाळी उठावयास कुरकुरते, चढावर तिला धाप लागते, मध्येच ठसका येतो आणि एखाद्या दिवशी तिचे इंजिन जे बसते ते पुन्हा उभे करता करता घरधन्याचाच दम निघतो. मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे अशा शब्दांकडे माझे लक्ष जरा अधिक जाते. या शब्दप्रयोगांत एक गंमत आहे. मोटारीच्या खाण्यापिण्याची चौकशी आपण सारेच नेमाने करतो. परंतु तिच्या श्वासाची चौकशी करणारा गृहस्थ विरळा.

हवा आत घेणे हा इंजिनाचा पहिला श्वास. त्यासाठी एअर फिल्टर असतो आणि तो बदलावा लागतो, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. धूर बाहेर टाकणे हा दुसरा. त्याची काळजी सायलेन्सर वाहतो आणि वर्षातून एकदा पी.यू.सी.चा दाखला मागणारे सरकार वाहते. पण इंजिनाला आणखी एक, तिसरा श्वास आहे. तो ना दिसतो, ना त्याचा दाखला कोणी मागतो. या दिवाळीत त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होत असतो. त्याच्या अंगाभोवती पोलादी कड्या असतात. त्यांना मिस्त्रीलोक रिंगा म्हणतात. या रिंगा कितीही नव्या असल्या तरी वर पेट्रोलचा भडका उडाला की थोडा वायू त्यांच्या कडेने निसटतो आणि खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो. तिथे तेल असते. या वायूबरोबर पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल आणि आम्ले येतात. ती तेलात मिसळली की तेलाचा काळा, दह्यासारखा घट्ट गाळ होऊ लागतो. शिवाय वायू कोंडून राहिला तर दाब वाढतो. कुकरची शिटी अडकली म्हणजे वाफ झाकणाच्या रबरी कड्याजवळून वाट काढते, हे आमच्या वाचक भगिनींना सांगावयास नको. इंजिनाच्या पोटातला दाबही तसाच सील आणि पॅकिंग यांच्या फटी शोधतो, आणि मग ‘गाडी तेल गळते’ म्हणून आपण नवे पॅकिंग बसवीत राहतो. रोग पोटात आणि लेप पाठीवर!

यावर योजलेली युक्ती मोठी नामी आहे. इंजिन हवा ओढते तेव्हा त्याच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवेच्या शाखानळीत, ओढ निर्माण होते. त्या ओढीनेच पोटातली वाफ एका रबरी नळीवाटे शोषून घ्यावयाची आणि पेट्रोलबरोबर पुन्हा जाळून टाकावयाची. तिच्या जागी एअर फिल्टरमधून गाळलेली स्वच्छ हवा दुसऱ्या नळीने पोटात येते. पुष्कळ गाड्यांत पहिल्या नळीच्या तोंडाशी अंगठ्याएवढी एक झडप असते. तिला पीसीव्ही झडप म्हणतात. गाडी उभी असून इंजिन मंद चालू असते तेव्हा ओढ जबर असते. ती झडपेच्या आतला दट्ट्या ओढून वाट अरुंद करते. गाडी रस्त्याला लागली की ओढ कमी होते, वाफ वाढते, आणि झडप आपोआप वाट मोठी करते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका झालाच तर ती पार मिटते. ज्वाळा पोटातल्या वाफेपर्यंत जाऊ देत नाही. विजेची तार नाही, हुकूम सोडणारे कोणी नाही. एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या यांवर हा सारा कारभार चालतो.

हा कारभार बिघडला म्हणजे काय होते, ते मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर सेमाडोहच्या रस्त्यावर पाहिले. अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर, आणि तिथून बिहाली, घटांग करीत सेमाडोह जवळपास तेवढेच. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा ज्या पहिल्या नऊ अरण्यांची निवड झाली, त्यांत हा मेळघाट होता. रस्ता सागवानातून वळणे घेत सिपना नदीकडे उतरतो. गाडीत आई, सौ., चिरंजीव आणि फराळाचे डबे. घटांग सोडल्यावर मोटारीची चाल बदलली. चढावर ती ठीक होती; पण पाय उचलला की इंजिनाचा आवाज कधी चढे, कधी पडे, आणि समोरच्या फळीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. एका उतरत्या वळणावर गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला आणि इंजिन बंद पडले.

घाटात इंजिन बंद पडणे ही नुसती गैरसोय नव्हे. आजच्या मोटारींत ब्रेकला जे बळ मिळते ते पुष्कळदा त्याच मॅनिफोल्डच्या ओढीचे असते. इंजिन थांबले की शिल्लक ओढीवर दोनतीनदा ब्रेक हलका लागतो. पुढे पायडल लाकडासारखे कठीण होते. एका बाजूला दरी, मागच्या आसनावर सत्तरी ओलांडलेली आई. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. चाकांनी इंजिन फिरविले, ओढ परत आली, पायडल नरम झाले. तसेच, क्लचला न शिवता, आम्ही सेमाडोहपर्यंत उतरलो. आई सबंध वेळ काही बोलली नाही. तिच्या हातातली जपमाळ मात्र नेहमीपेक्षा भराभर चालली होती.

गावाशी सपाटीला गाडी लावून बोनेट उघडले. इंजिन चालू केल्यावर बारीक सूं असा आवाज येत होता. सौ. म्हणाली, “अहो, कुकरचं रबर गेल्यावर होतो तस्साच आवाज आहे हा. फट आहे कुठेतरी.” निदान बरोबर होते. झडपेपासून मॅनिफोल्डकडे जाणारी नळी कोपऱ्यावर तडकली होती. फटीवर बोट दाबले की इंजिन शहाण्यासारखे एका सुरात चालू लागे. बोट काढले की पुन्हा धडपड. फटीतून जास्तीची हवा आत शिरत होती आणि पेट्रोल तिला पुरे पडत नव्हते. मजजवळ चिकटपट्टी होती, पण तेलाने ओल्या रबरावर ती धरेना.

इतक्यात शेजारी एक जीप थांबली. अचलपूरकडचे एक संत्र्याचे बागाईतदार धारणीहून परतत होते.

“काहून थांबले जी सर?”

“नळी तडकली.”

त्यांनी वाकून पाहिले. “रबर म्हातारं झालं हे. ठिबकची नळी हाये मायापाशी, बारा एमेमची. तुकडा मंदात घालून देऊ.”

बागेच्या ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचा बोटभर तुकडा त्यांनी कापला. आम्ही तडकलेला भाग काढून टाकला, उरलेल्या दोन्ही टोकांत तो तुकडा घट्ट बसविला आणि वरून तार आवळली. इंजिन चालू केले. सूं आवाज थांबला होता. मी खिशात हात घातला तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, “पैशाचं काय जी! आंबिया तोडणीले आला, या एकदा बागेत. अन्‌ आयका, हे घरालोक जाईन, पुढं नाही. गरमीनं नरम पडते थे.” आईने चिवड्याचा डबा त्यांच्या हाती दिला, तो मात्र त्यांनी घेतला.

परत आल्यावर नळी बदलावयास एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मिस्त्री माणूस अनुभवी. तो म्हणाला, “सर, नवी नळी कशाला? मॅनिफोल्डचं भोक बूच मारून बंद करतो, आणि ही वाफ खाली रस्त्यावर सोडून देतो. पहिल्या गाड्यांना हेच असायचं.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पूर्वीच्या मोटारींत इंजिनाच्या पोटातून एक नळी सरळ जमिनीकडे सोडलेली असे आणि पळत्या गाडीखालचा वारा वाफ ओढून नेई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांच्या इंजिनांत त्या नळीवाटे पाणी शिरू नये, म्हणून बंदिस्त झडपेची योजना झाली. शांततेच्या काळात तिची आठवण झाली ती लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमुळे. तिथे डोळे चुरचुरत, पिकांची पाने करपत. हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास याचे कोडे उलगडले. हा मूळचा अननसाच्या वासाचा अभ्यासक! मोटारींतून सुटणारे न जळलेले पेट्रोल, नायट्रोजनचे वायू आणि ऊन यांच्या संगमातून हे विष हवेतच तयार होते, असे त्याने दाखविले. मोटारीच्या न जळलेल्या पेट्रोलपैकी सुमारे पाचवा हिस्सा इंजिनाच्या पोटातून सुटत असे. कॅलिफोर्नियात १९६१ पासून नव्या मोटारींना ही झडप बसू लागली. मोटारींच्या प्रदूषणाविरुद्ध योजलेले हे पहिले यंत्र. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू आहेत. त्यांत पेट्रोलच्या मोटारीने ही वाफ उघड्यावर सोडणे बसत नाही.

मी मिस्त्रीला एवढेच म्हटले की, वाफ रस्त्यावर सोडली तर माझी अडचण संपते, पण वाफ संपत नाही. ती सिपनेच्या काठच्या माणसांना मिळते. शिवाय ओढ नसली म्हणजे पोटात ताजी हवा खेळत नाही आणि तेलात गाळ साचू लागतो, म्हणजे माझेही नुकसान. त्याने मान हलविली आणि नवी नळी बसविली. ती तेलापेट्रोलला टिकणारी असावी लागते. सायकलची ट्यूब किंवा पाण्याची नळी फुगते किंवा ओढीने चपटी होते.

दिवाळीच्या सुट्टीत लांब जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी अर्धा तास काढावा. इंजिन गार असताना या रबरी नळ्या हाताने वाकवून पाहाव्यात. कडक झालेली नळी वाकविली की तडे दाखविते, तेलाने फुगलेली बोटांना लिबलिबीत लागते. मग इंजिन चालू करून सूं आवाज येतो का, ते ऐकावे. झडप निराळी निघत असेल तर इंजिन बंद असताना काढून कानाशी हलवावी. पुष्कळ झडपा खुळखुळ्यासारख्या वाजतात. वाजणारी झडप न वाजली तर ती अडकली म्हणून समजावे. धुऊन चार दिवस भागते, पण इंजिनातल्या स्वस्त वस्तूंपैकी ही एक आहे, तेव्हा नवीच घ्यावी. मंद चालू इंजिनाच्या तेलाच्या तोंडावर कागदाचा कपटा धरला तर तो हलकेच आत ओढला गेला पाहिजे. तो उडू लागला आणि तोंडातून भकाभक धूर येऊ लागला, तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी. ते काम मिस्त्रीचे, आपले नव्हे. हे सारे करताना पदर, ओढणी, बाह्या आवरून घ्याव्यात. रेडिएटरचा पंखा कोणालाही न विचारता फिरू लागतो.

घरची दिवाळी आपण झाडलोटीने सुरू करतो, आणि झाडलेला केर शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर टाकणाऱ्याला कोणी नीटनेटका म्हणत नाही. मोटारीपुरता हा नियम पाळावयास एक धड नळी आणि एक खुळखुळणारी झडप एवढे पुरते. ती आहेत ना, तेवढे पाहावे आणि मग खुशाल मेळघाटात जावे. थंडीच्या दिवसांत सागाखालून जाणारा तो रस्ता, काचा खाली करून, सावकाश जाण्यासारखा आहे.