वनातील शिरगणती

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री तानसा अभयारण्यातील पाणवठ्यांवर शहरातील हौशी निसर्गप्रेमी वनखात्याच्या माणसांसह मचाणावर जागतात व पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करतात. या सेवेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु एका चांदण्या रात्रीची मोजदाद म्हणजे रानाची खानेसुमारी नव्हे. पिसोरी, खवल्या मांजर यांसारखी भित्री, निशाचर जनावरे मचाणावरून सहसा दृष्टीस पडत नाहीत. शिवाय अभयारण्याच्या सीमेबाहेरील जव्हार-मोखाड्याची राने या नोंदीत येतच नाहीत. आणि दप्तरात ज्याची नोंद नाही ते जगातच नाही, असे समजून रस्त्यांचे व धरणांचे आराखडे आखले जातात.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली, तेव्हा नमुन्यादाखल कातडी व कवट्या जमवाव्या लागत. आज चिखलातील ठसा, विष्ठा, साळिंदराचा गळालेला काटा किंवा झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचे छायाचित्र पुरते. मात्र ठसा कोठे शोधावा हे जाणतो तो वाघोबाला पुजणारा वारली, कोकणा अथवा कातकरी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांची नोंदवही ठेवण्यास सांगितले, ते याच ज्ञानासाठी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा वह्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांत आतील मजकूर किती वाढला, हा प्रश्न उरतोच.

स्वयंसेवकांनी ही वही भरण्यास हात द्यावा, हे आमचे पहिले मागणे. दुसरे असे की, वाट दाखविणाऱ्या आदिवासीला त्या दिवसाची मजुरी मिळावी व नोंदीखाली त्याचेही नाव असावे. दिवाळीनंतर पोटासाठी वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाकडून फुकट सेवेची अपेक्षा करणे हा न्याय नव्हे. तिसरे मागणे सावधगिरीचे आहे. खवल्या मांजराच्या बिळाची नेमकी जागा नकाशावर छापणे म्हणजे तस्कराच्या हाती किल्ली देणे होय. ती ग्रामसभा व वनखाते यांच्यापाशीच राहावी. छापील नकाशात गावशीव दिसली तरी पुरे.

मुंबईकर वैतरणेचे पाणी पितो. ज्या रानांतून ते वाहत येते, त्यांत कोण राहते हे जाणून घेणे ही त्याची हौस नसून त्याच्यावरील ऋण आहे. ते एका रात्रीत फिटणारे नाही.