माशीने मासा

मासा आणि माशी हे शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात, पण त्यांची घराणी अगदी वेगळी. मासा आला मत्स्यावरून आणि माशी मक्षिकेवरून. वर्गात हे मी कैक वेळा सांगितले असेल. या दोघांची गाठ एक दिवस आमच्या चिंचवडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर पडेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

गेल्या माघात सासूबाई गेल्या आणि अण्णा, म्हणजे आमचे सासरे, आमच्याकडे राहायला आले. त्यांची सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. इकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी अण्णा पवनेच्या काठी गळ टाकून बसत. कणकेच्या गोळीत हिंग, पेंड आणि आणखी काय काय घालत, ते त्यांनी सासूबाईंनाही सांगितले नव्हते. हिंगाची डबी मात्र बुधवारी रात्री हमखास रिकामी व्हायची!

आता तेच अण्णा दिवसभर खिडकीशी बसून असत. अर्धी भाकरी मोडून ताट सरकवीत. 'भूक नाही' एवढेच बोलणे. डॉक्टर झाले, टॉनिक झाले. सौ.ने त्यांच्या आवडीचे एकूण एक पदार्थ करून पाहिले आणि स्वयंपाकघरात डोळे पुसले.

मे महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगनहून त्यांच्या नातवाची, माझ्या मेहुणीच्या मुलाची, एक चपटी डबी आली. उघडली तर आत डझनभर केसाळ किडे! सौ. किंचाळलीच. पण त्या होत्या बनावट माश्या. पिसे, लोकर आणि हरणाचे केस गळावर बांधून केलेल्या. सोबत लांबलचक पत्र होते, ते मी मोठ्याने वाचले. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. त्यातले काही उन्हाळ्यातच नदीत शिरतात, पण अंडी घालतात पुढच्या हिवाळ्यात नाहीतर वसंतात. मधले महिने हा मासा जवळजवळ उपाशीच असतो.

"मग गळाला लागतो कशाला?" अण्णांनी विचारले.

कित्येक आठवड्यांत त्यांनी आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. लहानपणी याच नदीतले किडे खाऊन तो वाढलेला असतो, ती खोड जात नाही, असे तिकडचे काही जाणते म्हणतात. कोणी म्हणतात, रागाने लागतो. कोणी म्हणतात, कुतूहलाने.

अण्णांनी भिंग मागवले. काळ्या अंगाची, हिरव्या बुडाची, पांढऱ्या पंखांची एक माशी उचलून म्हणाले, "ही पहाटेची. उजेड कमी असला की खालून बघणाऱ्याला आभाळापुढे काळेच ठळक दिसते." पत्रात पुढे नेमके तेच होते! स्वच्छ पाण्यात, भर उन्हात लहान आणि विरळ पिसांची माशी घ्यावी, पाणी चढून गढूळ झाले की मोठी. पाणी उबदार असेल तर मासा वर येतो, म्हणून हरणाच्या पोकळ केसांचे डोके असलेली, पृष्ठभागावर रेघ ओढत जाणारी माशी. गार पाण्यात तो तळ सोडत नाही, तेव्हा तिला खाली बुडवावी लागते.

"आपल्या पवनेत यातली कुठली चालेल?" मी भाबडेपणाने विचारले.

"जावईबापू, माशी दिसावी लागते हो. इथल्या पाण्यात काय दिसणार?"

खरेच होते. रावेतच्या बंधाऱ्यावरून आमचे शहर प्यायला पाणी उचलते आणि तिथून खाली, दापोडीला मुळेला मिळेपर्यंत, त्याच नदीत आपले सांडपाणी सोडते. याच खोऱ्यातल्या मुळा-मुठेच्या महाशीराचे वर्णन कर्नल साइक्सने 1839 साली केले आणि आपल्या लोकांचा 'खुद्री' हा शब्द शास्त्रीय नावात गेला. आता त्याची पिल्ले वाढवण्याचे काम 1970च्या दशकापासून लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात चालते. चिंचवडच्या घाटाखाली आपण खुद्री धरला होता, असे अण्णा सांगतात. गळवाल्याच्या सांगण्यातून किती वजा करायचे, ते वाचकांनी ठरवावे.

जूनच्या पहिल्या सरीनंतरच्या गुरुवारी मी रजा टाकली आणि आम्ही पवनानगरच्या बाजूला, वरच्या अंगाला गेलो. स्टीलहेडचे गळ आमच्या मासोळ्यांना फार मोठे. म्हणून अण्णांनी आदल्या रात्री बारीक गळ व्हाइसमध्ये धरून स्वतःच माशी बांधली होती. रंग काळा नाही, तपकिरी. "सर पडली की वाळवीला पंख फुटतात. आज मासे तेच शोधणार," ते म्हणाले. हात थरथरत होते, पण गाठ टूलरूमची होती.

तीन तासांत एक बोटभर रुपेरी मासोळी लागली. अण्णांनी ती ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडली आणि विचारले, "पिशवीत भाकरी आहे ना?" त्यांची संपल्यावर माझीही खाल्ली.

हल्ली माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांशेजारी व्हाइस बसवलेला असतो. कोपऱ्यावरचा खाटीक कोंबड्याची पिसे पुडीत बांधून ठेवतो. आणि सौ.च्या अर्धवट विणलेल्या तपकिरी स्वेटरचा गुंडा दिवाळीच्या साफसफाईतही सापडलेला नाही.