लो केलीत ना गाडी? मग दिवेही लावा जागेवर!

मंडळी, या शनिवारी कोडबिड काही नाही. आज जरा भांडायचंय. कोणाशी? माझ्यासारख्याच हौशी गाडीवाल्यांशी. म्हणजे थोडंफार स्वतःशीच.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या हॅचबॅकला लोअरिंग स्प्रिंग्ज बसवल्या. गाडी पुढून चार सेंटीमीटर खाली आली, मागून सहा. चाकांवरची फट गेली आणि गाडी अशी काही रस्त्याला चिकटून बसली की पार्किंगमधून निघताना मी तीनदा मागे वळून बघायचो! गॅरेजवाल्यानं व्हील अलाइनमेंट करून दिली, टायर कुठे घासतात का तेही पाहिलं. हेडलाइटचं नाव मात्र त्यानं काढलं नाही, आणि मीही नाही.

महिन्याभरानं एका रात्री तीन मित्रांना मागच्या सीटवर कोंबून घरी येत होतो. आमच्या घराजवळचा डीपी रोड, सरळसोट आणि अंधारा. समोरून येणारी एक स्कूटर अचानक कडेला गेली, जरा हेलपाटली. "काय चालवतात हे लोक!" असं म्हणून आम्ही पुढे निघालो. मित्रांना सोडून घरी आलो तर बाबा सोफ्यावर, कोपर सोलवटलेलं आणि आई डेटॉल लावतेय. बाबा म्हणाले, "कुठल्यातरी गाढवानं डोळ्यांवर हाय बीम मारला रे. काही दिसेना, वाळूच्या ढिगात गेलो. मागून पाहिलं तर तुझ्यासारखीच चिकटलेली गाडी!"

च्यायला... मी तर लो बीमवरच होतो!

रात्री झोप लागेना, शेवटी कागद घेऊन बसलो. लो बीमच्या उजेडाची वरची कड साधारण एक टक्का खाली झुकलेली असावी लागते, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर. माझा दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर होता, तेव्हा ती कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकायची. पुढची-मागची बाजू सारखीच चार सेंटीमीटर खाली गेली असती तर ती ६१ मीटरवर टेकली असती. फार काही बिघडलं नसतं. पण माझी गाडी मागून दोन सेंटीमीटर जास्त बसली होती. अडीच मीटरच्या व्हीलबेसवर दोन सेंटीमीटर म्हणजे ०.८ टक्के नाक वर. त्यात मागच्या तिघांच्या वजनानं आणखी तीन सेंटीमीटर धरा, म्हणजे १.२ टक्के. बेरीज करा. एक टक्का खाली असलेला उजेड एक टक्का वर! पन्नास मीटरवर ती कड १११ सेंटीमीटर उंच, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांच्या आसपास. ऐंशी मीटरवर १४१, म्हणजे स्कूटरवाल्याच्या. माझ्या बाबांच्या.

ऑफिसात एक मॉड्यूल बदललं की त्यावर अवलंबून असलेली बाकीची पुन्हा टेस्ट करायची, हे आपण कालच्या फ्रेशरलाही शिकवतो. आणि स्वतःच्या गाडीचं अख्खं सस्पेन्शन बदलून थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रस्त्यावर सोडतो?

यावर लोक काय म्हणतात तेही ठाऊक आहे. "रस्त्यावर दिवे नाहीत, खड्डे दिसायला नकोत का?" अहो, ताशी साठच्या वेगानं जाताना ६० मीटर म्हणजे साडेतीन सेकंद. तेवढ्यात गाडी थांबते. त्यापलीकडे बघायला हाय बीम दिलाय की, समोर कोणी नसताना वापरा! काही वीर तर याच्याही पुढचे. फक्त पुढून गाडी खाली करतात, मग उजेड जवळ पडतो म्हणून स्क्रू पिळून दिवे आभाळाकडे करतात. पूर्वी ट्रकच्या दिव्यांवर वरच्या बाजूला काळा रंग फासलेला असायचा. आम्ही त्याला हसायचो. निदान समोरच्याचा विचार तरी होता त्यात.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, तेव्हा लोअरिंगची हौसच मुळात अडचणीची आहे. तरी करणारे करणारच, मीही केलीच. म्हणून निदान एवढं करा.

सपाट जमीन आणि समोर भिंत शोधा. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. डॅशबोर्डवर दिवे खालीवर करायची चकती असेल तर ती शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची नव्यानं मोजा, लोअरिंगच्या आधीची खूण आता बाद. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा आणि उजेडाची कड त्या उंचीच्या दहा सेंटीमीटर खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवा. एका वेळी एकच दिवा, दुसरा झाकून ठेवा. नव्या स्प्रिंग्ज थोड्या बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. मागे माणसं बसली की चकती फिरवून दिवे खाली घ्या, ती त्यासाठीच असते. नाहीच जमलं तर बीम तपासायचं यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये जा.

मला पाऊण तास लागला, तोही स्क्रू सापडेना म्हणून. बाबा शेजारी उभे राहून टेप धरत होते. त्यांना सगळं सांगितलं होतं. "गाढव" हा शब्द त्यांनी मागे घेतलेला नाही, आणि माझीही काही तक्रार नाही.

असो. उद्या रविवार आहे. गाडी धुवाल तेव्हा दिवेही बघा.