गणपतीला निघण्याआधी काटा बघा

चाकरमानी मंडळींनो, गणपतीला आठ दिवस राहिले. गाडीच्या टायरमधली हवा, वायपर, ब्रेक यांची तपासणी आता घरोघर चालू असेल. माझी कळकळीची विनंती आहे, त्याआधी टेम्परेचरचा काटा बघा. गेल्या महिन्याभरात तो एकदा जरी आपली जागा सोडून वरखाली झाला असेल, तर त्याचं कारण सापडल्याशिवाय ती गाडी कोकणच्या रस्त्याला काढू नका.

महाडजवळ, मुंबई-गोवा महामार्गाला लागून माझं गॅरेज आहे. चतुर्थीच्या आधीच्या दोन रात्री आम्ही झोपत नाही. उघडलेली बॉनेटं, वाफ, मागच्या सीटवर अवघडून बसलेली म्हातारी माणसं आणि बाहेर धो धो पाऊस. जो तो विचारतो, "अहो, एवढ्या पावसात गाडी तापली कशी?" गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर गार करतो. माणगावच्या कोंडीत तासन् तास इंचाइंचाने सरकताना तो वारा मिळत नाही, सगळा भार एकट्या फॅनवर येतो. काचांवर वाफ धरते म्हणून एसी चालू असतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच, त्यामुळे त्याची उष्णताही रेडिएटरवरच जाते. त्यात पाच माणसं आणि डिकीभर सामान. वर्षभर शहरात कुरकुर न करता चाललेली गाडी इथे हात टेकते. कशेडीला बोगदा झाला, तरी पुढचे चढ आहेतच.

गेल्या वर्षी एका गृहस्थांच्या गाडीचा काटा माणगावपासून नाचत होता. लोणेरे मागे पडल्यावर तो लाल पट्टीला टेकला आणि मग एकाएकी पार तळाला आला. त्यांना वाटलं, गाडी गार झाली. त्यांनी वेग वाढवला. खरं तर आतलं पाणीच संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं तापमान सांगतो. पाणी खाली गेलं, तो उघडा पडला, की काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. पुढच्या काही किलोमीटरमध्ये हेड वाकलं, गॅस्केट उडालं, इंजिन जाम झालं. त्यांच्या घरी गणपती पाटावर बसला तेव्हा ते माझ्या गॅरेजच्या बाकावर बसून होते. वर गेलेला काटा कारण नसताना झटकन खाली आला, तर लगेच गाडी बाजूला घ्या. हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो.

काटा कसा हलतो, यावरून दुखणं बरंचसं ओळखता येतं. सिग्नलला चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर फॅन, त्याचा रिले किंवा फॅन चालू करणारा सेन्सर बघा. उलट कोंडीत ठीक आणि चढावर किंवा वेगात चढतो, तर रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून चिखला-गवताने तुंबला असेल, नाहीतर वॉटर पंप पाणी पुरेसं फेकत नसेल. हळूहळू वर जातो, अचानक उतरतो, पुन्हा तेच, तर थर्मोस्टॅट अडकतोय किंवा पाण्याच्या वाटेत हवा कोंडली आहे. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो? एवढ्या लवकर पाणी तापतही नाही आणि निवतही नाही. बहुधा सेन्सरचं कनेक्टर गंजलंय किंवा अर्थिंगची वायर सैल आहे. पण पाण्याची पातळी बघितल्याशिवाय असं गृहीत धरू नका.

पाणी वरचेवर कमी होत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, तर ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल किंवा सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर सतत येत असेल, तर गॅस्केट गेलं. ती गाडी घरीच ठेवा, एसटीने या.

पुष्कळ नव्या गाड्यांना काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे. काटा असला तरी बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, पाणी थोडंफार जास्त तापलं तरी हलत नाही. म्हणजे तो हलला तेव्हा आधीच उशीर झालेला असतो.

माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल एक बोलायचं आहे. "आपल्याकडे थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाकू" असं म्हणणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यांचं ऐकू नका. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि इंजिनला त्याच्या कामाच्या तापमानावर ठेवतो. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइल खराब होतं. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासमधूनच फिरत राहतं. शंका असेल तर तो पातेल्यात पाण्यात सोडून गॅसवर ठेवा, उकळी फुटायच्या आत उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवा. हेडच्या कामापुढे त्याची किंमत काहीच नाही. बोअरचं पाणी भरायचंही थांबवा, कंपनीने सांगितलेलं कूलंटच घाला.

आणि झाकण! तापल्या गाडीचं रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब सुटतो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उसळतं. भाजलेले हात आणि चेहरे मी बघितलेत. काटा लाल पट्टीत गेला की एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. रेडिएटरचा वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा, तास लागला तरी चालेल. गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

उद्या सकाळी गाडी गार असताना कूलंटची पातळी बघा आणि बाटलीवर पेनाने खूण करा. मग एसी बंद ठेवून इंजिन वीस-पंचवीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. फॅन आपोआप लागला आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला पाहिजे. एसी चालू ठेवून बघू नका, कारण बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरतोच आणि बिघाड लपतो. परवा सकाळी खूण पुन्हा बघा. पातळी उतरली असेल तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोणाकडेच वेळ नसतो.

तरीही वाटेत गाडी तापलीच, तर आमचं शटर त्या दोन्ही रात्री उघडं आहे. बाहेर पाण्याचे ड्रम भरलेले असतील, बसायला बाक आहे, चहा आहे. पाण्याचे पैसे नाहीत. फक्त झाकणाला हात लावू नका, मला हाक मारा.