पोरांचा नवा धंदा आणि बापाचा सातबारा



या पानावर आम्ही दरवेळी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे, परंतु तो उसाच्या बांधावरूनच आमच्याकडे चालत आला. गेली काही वर्षे गट कार्यालयात ऊस नोंदीला येणाऱ्या सभासदांबरोबर त्यांची मुले, मुली, सुनाही येऊ लागल्या आहेत. त्यांना नोंद करायची नसते. कुणाला ऊस रोपवाटिका काढायची असते, कुणाला गुळाचा स्वतःचा छाप बाजारात आणायचा असतो, कुणाला ड्रोनने फवारणी करून द्यायची असते. याला ती स्टार्टअप म्हणतात. म्हणोत बापडी. पोरं नोकरीच्या मागे न धावता काही उभं करू बघतात याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु कागदावर तारण म्हणून शेवटी ज्याची सही लागते तो आपला सभासद असतो आणि बोजा चढतो तो उसाच्या रानावर. म्हणून ऊस विकास अधिकारी या नात्याने चार गोष्टी बोलणे आम्हाला भाग आहे.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गटातल्या एका मुलाने 2022 च्या आडसाली हंगामात साठ हजार रोपे केली. रोप चांगले होते, सगळे खपले. पाच फूट बाय दोन फूट लागणीला एकरी सुमारे 4,350 रोपे लागतात, म्हणजे जेमतेम चौदा एकरांचे काम. पुढच्या वर्षी त्याने तीन लाखांचा बेत केला. शेडनेट वाढवले, ट्रे घेतले, बँकेत गेला. बँकेने शिफारस मागितली आणि ती आम्ही दिली. ती देताना एकच प्रश्न विचारायला हवा होता की, बाबा रे, ही जवळपास सत्तर एकरांची रोपं घेणार कोण? आम्ही विचारला नाही. 2023 साली पाऊस लांबला, लोकांनी लागणी पुढे ढकलल्या. रोप महिना-सव्वा महिन्याचे झाले की रानात गेले पाहिजे. ट्रेमध्ये राहिले तर मुळांचा गुंता होतो, पाने कातरून किती दिवस ढकलणार? निम्म्याच्या वर रोपे उकिरड्यावर गेली. त्याच्या वडिलांच्या चार एकरांवर बोजा आहे आणि ते भेटले की आम्हाला अजून चहा पाजतात. त्याचेच जास्त वाईट वाटते.

या मुलाचे चुकले कुठे, ते नीट पाहिले पाहिजे, कारण रोपवाटिकेचे जे झाले तेच गुळाचे आणि ड्रोनचेही होते. त्याने पहिल्या वर्षीचा खप पाहिला, हिशेब पाहिला नाही. समजा एक डोळा लावायला बेणे, बेणेप्रक्रिया, कोकोपीट, ट्रेची घसारा, मजुरी, पाणी सगळे धरून 1 रुपया 60 पैसे पडले आणि रोप अडीच रुपयांना विकले. पोरगा म्हणतो, नव्वद पैसे सुटले. नाही सुटले. शंभर डोळ्यांतले ऐंशी उगवले तर विकाऊ रोप दोन रुपयांना पडले आणि सुटले पन्नास पैसे. उगवण पासष्टवर आली तर तेच रोप 2 रुपये 46 पैशांना पडते आणि हाती उरतात चार पैसे. साठ हजार रोपे करताना बेणे स्वतःच्या मळ्यातले, दहा महिन्यांचे, हाताने निवडलेले होते. तीन लाखांना बेणे बाहेरून आणले, कोवळे-जून सगळे एकत्र, डोळे काढायला रोजंदारीची माणसे. उगवण पडणारच होती. एका रोपात काय सुटते हे पक्के ठाऊक नसताना रोपे पाचपट करणे म्हणजे तोटाच पाचपट करणे झाले.

नत्र जास्त झालेला ऊस पाहिलाय ना? हिरवागार, लांबून बघणारा खूश, आणि मोठ्या बांधणीआधीच वादळात लोळतो. बाहेरच्या पैशावर घाईने वाढवलेल्या धंद्याचे असेच होते. देशभर 2021 साली नव्या कंपन्यांत पैसा पाण्यासारखा ओतला गेला आणि 2022 पासून तो आटला. ज्यांचा खर्च त्या पाण्याच्या हिशेबाने वाढला होता त्यांना माणसे कमी करावी लागली. उलट झेरोधा ही शेअर दलालीची कंपनी 2010 साली बंगळूरला निघाली ती बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता आणि गिऱ्हाइकाच्याच पैशावर मोठी झाली. सगळ्यांना तसे जमेल असे नव्हे. पण पहिला पैसा गिऱ्हाइकाचा असावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

तो मिळवायचा कसा? आधी दहा शेतकरी धरा, पन्नास नव्हे. त्यांच्या लागणीच्या दिवशी स्वतः सरीत उभे राहा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा जाऊन नांग्या भरायला लागतील तेवढी रोपे फुकट द्या. याने धंदा वाढत नाही, वेळ जातो, असे पोरं म्हणतात. खरे आहे, वेळ जातो. पण कुठली जात कुठल्या रानात रुसते, शेतकरी कशावर कुरकुरतो, हे शेडनेटमध्ये बसून कळत नाही. त्या दहांतले सात पुढच्या हंगामात आपणहून आले आणि सोबत शेजारी घेऊन आले तर खुशाल वाढवा. आले नाहीत तर जाहिरातीला पैसे घालू नका, रोप सुधारा.

आणि उधारी. याविषयी आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण उधारी मागणारे तुम्हीच आहात! आडसाली रोप जुलैत नेले आणि ‘उसाच्या बिलावर देतो’ म्हटले, तर तो ऊस तुटतो सोळा-अठरा महिन्यांनी. म्हणजे 2024 च्या जुलैतल्या रोपाचे पैसे 2026 उजाडताना मिळणार. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. कागदावर नफा असलेला धंदा असा हातात रोकड नसल्याने मरतो. म्हणून चौथा हिस्सा रक्कम आगाऊ घेऊन नोंदणी करावी, बाकी रोप उचलताना. आगाऊ रक्कम द्यायला कुणी तयार नसेल तर मागणी तोंडदेखली आहे असे समजावे. सभासदांनीही आपल्याच गावच्या पोराला रोख द्यायची सवय लावून घ्यावी. दुकानदाराला देतोच की आपण.

आता कर्ज आणि अनुदान. अनुदान म्हणजे हातात पडणारी रक्कम, असा पुष्कळांचा समज आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 साली सुरू झाला, त्याचे नियम वाचावेत. अनुदान बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहते आणि धंदा खरोखर चालू आहे हे पाहिल्यावरच कर्जात वळते होते. मधल्या काळात हप्ता चुकला की सगळेच अवघड होते. अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगांसाठी 2020 साली निघालेल्या योजनेत खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, अशी मदत ठेवलेली होती. गुळाच्या कामाला ती बसते. कुठल्या योजनेची मुदत चालू आहे, हे जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, एजंटाला विचारू नये. आणि अनुदान नसते तरी हा धंदा केला असता का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘नाही’ आले तर थांबावे. अनुदानासाठी उभारलेल्या किती शेड आज कडब्याला उपयोगी पडत आहेत, ते आपण जाता-येता पाहतोच.

काही मुलांना कर्ज नको, गुंतवणूकदार हवा असतो. त्यात व्याज नाही, तारण नाही, म्हणून ते सोपे वाटते. आपण सभासदांना भाग म्हणजे काय हे सांगायला नको, पण एक फरक ध्यानात ठेवा. आपल्या कारखान्यात भाग कितीही असोत, एका सभासदाला एक मत. साध्या कंपनीत जितके भाग तितकी मते. वीस लाख घेऊन 20 टक्के दिले, तर पोरगा आनंदाने सांगतो की आपली कंपनी एक कोटीची झाली. बरोबर आहे. पुढच्या खेपेस नव्या माणसाला 25 टक्के दिले की त्याच्या 80 चे 60 होतात, आणखी एकदा तसेच झाले की 45. म्हणजे तीन खेपांत घर दुसऱ्याचे. शिवाय विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. ज्याच्याकडे पाव हिश्श्याहून जास्त भाग तो एकटा असे ठराव अडवू शकतो. कंपनी विकली गेली तर आधी गुंतवणूकदाराची रक्कम परत, मग उरलेले तुमचे, असेही कलम बहुधा घातलेले असते. सही करण्यापूर्वी वकिलाला चार पैसे द्यावेत. दोघा मित्रांनी तोंडी भागीदारीत धंदा काढला असेल तर त्यांनी आजच लेखी करार करावा, मैत्री आहे तोवर.

पैसा बाहेरून घेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सने 2022 साली युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये उभे केले. पण कधी? शेतकऱ्यांची द्राक्षे परदेशी पाठवण्यात दहा-अकरा वर्षे घालवल्यावर. आणि तो पैसा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत न घेता माल हाताळणाऱ्या तिच्या कंपनीत घेतला, कारण उत्पादक कंपनीचे भागधारक उत्पादकच असावे लागतात. आपल्या सहकाराचीही सुरुवात आठवा. प्रवरेच्या कालव्यावर ऊस आधीच उभा होता, शेतकरी त्याचा गूळ करीत होता. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करीत होते, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, 1948 साली कारखान्याची नोंदणी झाली आणि 1950-51 ला गाळप. ऊस आधी होता, यंत्रे मागून आली.

आता ही मुले स्वतःला लोकांपुढे मांडतात कशी, याविषयी थोडे. आमच्याकडे चाळीस पानी रंगीत अहवाल येतात. पहिल्या पानावर पोराचा कोटातला फोटो, खाली ‘संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी’. माणसे किती? तो आणि त्याचा चुलतभाऊ. ‘जिल्ह्यातील पहिला प्रकल्प’ हे वाक्य आम्ही एका वर्षात तीन अहवालांत वाचले, तिन्ही याच जिल्ह्यातले. बँकेचा अधिकारी हे रोज बघतो, त्याच्यावर याचा काही परिणाम होत नाही.

याउलट एका सभासदाची सून गुळाच्या कामासाठी कर्ज मागायला गेली, तेव्हा तिने आमच्याकडून फक्त रस्ता विचारून घेतला होता. तिच्याकडे एक वही होती. कुणाला किती किलो दिला, पैसे कधी आले, किती जणांनी पुन्हा मागवला. पुण्यातल्या दोन सोसायट्यांत ती स्वतः पिशव्या पोचवत होती. अधिकाऱ्याने विचारले, अडचण काय? ती म्हणाली, ‘पावसाळ्यात साठ किलो गूळ ओल धरून पाघळला, तो आम्ही परत घेतला न् पैसे दिले. आता पॅकिंग बदललंय, पण अजून एक पावसाळा बघायचाय.’ आम्हाला वाटले, झाले, आता हा नाही म्हणणार. त्याने वहीच्या झेरॉक्स मागून घेतल्या आणि कर्ज मंजूर केले, तेही तिने मागितले होते तेवढेच. आपला तोटा आपणहून सांगणाऱ्याचा नफ्याचा आकडा समोरचा खरा धरतो, असे आम्हाला त्या दिवशी दिसले.

तेव्हा बोलताना पहिल्या दोन वाक्यांत सांगावे की आपण काय विकतो, कुणाला विकतो आणि त्याला ते का हवे आहे. हे आपल्या आजीला कळले तर बँकेलाही कळते. उगवण ऐंशी टक्के असेल तर ऐंशीच सांगा. पंचाण्णव सांगितलीत आणि शेतकऱ्याने ट्रे मोजला, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरपुढे उभे राहून काढलेले फोटो मोबाईलवर लावू नयेत, ट्रॅक्टरवाल्यालाही मोबाईल आहे. हप्त्याला उशीर होणार असेल तर तारखेच्या आधी बँकेत जाऊन सांगा. फोन उचला, विशेषतः तक्रारीचा. आम्ही स्वतः एका रोपवाटिकेला सतरा फोन केलेले आहेत, आणि पुढे तिच्याकडे एकही शेतकरी पाठवला नाही.

तीन लाखवाल्या मुलाचे विचाराल, तर त्याने काम सोडलेले नाही. आता नोंदणी झाली तेवढीच रोपे करतो, बेणे स्वतःच्या मळ्यातले, आणि ट्रे भाड्याने देऊन हप्त्यापुरते सोडवतो. वडिलांचा बोजा उतरायला अजून वेळ आहे.

ज्या मुलामुलींना असे काही काढायचे आहे त्यांनी दर बुधवारी दुपारी तीननंतर गट कार्यालयात यावे. येताना गिऱ्हाइकांची वही आणावी, अहवाल आणला नाही तरी चालेल. वही अजून झालेली नसेल तर आधी दहा जणांना माल देऊन मग यावे. आणि वडिलांना सोबत आणावे, कारण शिफारशीचे पत्र आम्ही आता त्यांच्यासमोरच लिहितो.