पन्नास सह्या

‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेखाली ही तळटीप ठरलेली. गावच्या वाचनालयाच्या सल्लागार मंडळावर मी अकरा वर्षे आहे आणि अकराही वर्षे आमची सभा त्या अर्ध्या तासानंतरच भरली. अहवाल वाचला जातो, हिशेब मंजूर होतात, चहा येतो. यंदा मात्र मागच्या खुर्चीवरून एका कॉलेजातल्या मुलीने विचारले, “काका, सल्लागारांना निवडतं कोण?” मला उत्तर देता आले नाही. मला अध्यक्षांचा फोन आला होता, एवढेच.

या अंकाचा विशेष विभाग पगार न घेता संस्था सांभाळणाऱ्यांवर काढायचे ठरले ते त्या प्रश्नामुळे. आणि त्याच प्रश्नाने मला गणेश वासुदेव जोशी यांच्याकडे नेले. पुण्याने त्यांना नाव दिले ‘सार्वजनिक काका’.

पुणे सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० ची. आपण तिला राष्ट्रीय सभेची पूर्वतयारी म्हणून ओळखतो. पण तिचे मूळ पर्वतीच्या पायऱ्यांशी आहे. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल लोकांत नाराजी होती. देवस्थान सर्वांचे, मग कारभाराचा जाब विचारायचा कोणी आणि कोणाच्या वतीने? या विचारातून सभा उभी राहिली आणि पाहता पाहता साऱ्याच सार्वजनिक प्रश्नांची झाली.

मला सर्वांत मोठी वाटते ती सभेची सभासद करून घेण्याची रीत. सभासद व्हायचे तर किमान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. काका पेशाने वकील. मुखत्यारपत्राचे वजन त्यांना ठाऊक होते. अशिलाच्या सहीवाचून वकिलाला उभे राहता येत नाही, तर लोकांच्या सहीवाचून पुढाऱ्याला का यावे? सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे ६००० लोकांच्या वतीने बसले होते. सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

त्या सह्यांची परतफेड काकांनी दहा वर्षे केली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारला पत्रामागून पत्रे धाडली. दुष्काळी कामांवरची मजुरी घटवली गेली, तेव्हा सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. अर्जांमागचा अभ्यास न्यायमूर्ती रानड्यांचा, हे सर्वश्रुत आहे. पण दारोदार जाणे, माणसे जमवणे, सभा वेळेवर भरवणे हे काम काकांचे. आपल्याकडे विचार देणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते आणि सतरंजी घालणाऱ्याचे राहून जाते. मला हे फार लागते, कारण सतरंजी घालणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत.

१८७२ मध्ये त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादीच्या साध्या वेषात जाऊन बसले. पत्नी सरस्वतीबाईंनी ‘स्त्री विचारवती’ संस्था काढली आणि सर्व जातींच्या बायकांना एका हळदीकुंकवाला बोलावले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. काकांनी ते घेतले. पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, ते गेले. वय अवघे ५२.

हे वाचताना माझ्या अकरा वर्षांकडे पाहिले. मी काम केले नाही असे नाही. पुस्तकखरेदीच्या याद्या केल्या, गळक्या छपरासाठी देणग्या मागितल्या. पण कोणाच्या वतीने, हे स्वतःला कधी विचारले नव्हते. ज्यांनी मला सही दिलेली नाही, ते सभेला कशाला येतील?

दिवाळी झाली की एक कोरी वही घेऊन वाचनालयाच्या दाराशी बसणार आहे. पन्नास सह्या मिळाल्या तर पदावर राहीन. नाहीतर जागा मोकळी करीन. पहिली सही त्या मुलीकडे मागायची आहे. ती आधी हिशेबाचे पुस्तक पाहायला मागेल असे वाटते, म्हणून तेही काढून ठेवले आहे.



– संपादक