देण्याचे माप, घेण्याचे माप

वेंगुर्ल्याने देशाला दिलेल्या माणसांत बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. २५ सप्टेंबर १९२२ रोजी या बंदराच्या गावी त्यांचा जन्म झाला. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, लंडनला जाऊन बॅरिस्टरी केली आणि १९५७ पासून सलग तीन वेळा राजापूर मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. हृदयविकाराने शरीर पोखरलेले असतानाही १७ जानेवारी १९७१ रोजी, हुतात्मा दिनी, बेळगावच्या सभेत ते बोलले आणि १८ जानेवारीस तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८.

या घटनेतला एक तपशील सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लोकसभा २७ डिसेंबर १९७० रोजीच विसर्जित झाली होती. म्हणजे मृत्युसमयी नाथ पै कायद्याच्या भाषेत माजी खासदार होते. आणि माजी खासदारास निवृत्तिवेतन देणारा कायदा त्या वेळी या देशात अस्तित्वातच नव्हता.

तो आला १९७६ साली, आणीबाणीच्या काळात. नाथ पै यांच्यानंतर राजापूरहून निवडून गेलेले प्रा. मधु दंडवते यांनी आणीबाणीचा बराचसा काळ बंगळूरच्या कारागृहात काढला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने किमान पाच वर्षे खासदार राहिलेल्यास दरमहा ३०० रुपये निवृत्तिवेतन ठरले. पुढच्या प्रत्येक वर्षामागे ५० रुपयांची भर, पण कमाल मर्यादा ५०० रुपये. महाराष्ट्र विधानमंडळाच्या सदस्यांच्या निवृत्तिवेतनाचा कायदाही १९७६ चाच. त्या मूळ तरतुदीत कोणाला वावगे दिसण्याचे कारण नव्हते. ज्याने आपली उमेदीची वर्षे लोकांच्या कामात घालवली, त्याला म्हातारपणी हात पसरण्याची पाळी येऊ नये, ही भावना तिच्यामागे होती. अशी सोय मुळीच नसेल तर सार्वजनिक जीवन हे केवळ धनवंतांचे क्षेत्र होऊन बसेल, हा युक्तिवाद आजही खोटा नाही.

प्रश्न निवृत्तिवेतन असावे की नसावे हा नसून, ते मोजण्याच्या मापाचा आहे. आणि मापाचा प्रश्न व्यापारी घराण्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक अतिचार सांगितला आहे. देताना एक माप आणि घेताना दुसरे, हा तो दोष होय. दुकानातले माप वैधमापन निरीक्षक येऊन तपासतो, त्यावर शिक्का मारतो. कायदेमंडळाचे माप तपासणारा निरीक्षक मात्र कायदेमंडळच आहे.

मार्च २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने खासदारांचे मासिक वेतन १,००,००० वरून १,२४,००० रुपये झाले आणि माजी खासदारांचे मूळ निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० वर गेले. पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षामागे मिळणारी भर २,००० ऐवजी २,५०० रुपये झाली. हे सारे १ एप्रिल २०२३ पासून लागू. १९७६ ची पाच वर्षांची अटही आता उरलेली नाही. सदस्यत्वाचा काळ कितीही अल्प असला तरी निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. नाथ पै यांच्या तेरा वर्षांहून अधिक काळच्या सदस्यत्वाचा हिशेब आजच्या दराने केला तर दरमहा ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम होते.

ही वाढ कोणत्या आधारावर झाली, ते पाहण्यासारखे आहे. २०१८ च्या वित्त अधिनियमाने खासदारांचे वेतन व निवृत्तिवेतन दर पाच वर्षांनी महागाईनुसार आपोआप वाढावे अशी योजना केली आणि त्यासाठी आयकर कायद्यातील खर्च-महागाई निर्देशांक निवडला. जागा किंवा दुकानगाळा विकून भांडवली नफ्याचा हिशेब केलेल्या प्रत्येक घरास हा निर्देशांक परिचित आहे. २०१८-१९ मध्ये तो २८० होता, २०२३-२४ मध्ये ३४८ झाला. वाढ सुमारे २४ टक्के. तेवढीच वाढ मिळाली. हिशेब चोख आहे, त्यात खोट काढता येत नाही.

आता तोच निर्देशांक दुसरीकडे लावून पाहावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना २००७ साली आजच्या नावाने सुरू झाली, तेव्हा केंद्र सरकारचा वाटा दरमहा २०० रुपये होता. ६० ते ७९ वयाच्या वृद्धांसाठी तो आजही २०० रुपयेच आहे. २००७-०८ मध्ये निर्देशांक १२९ होता. १२९ चे ३४८ झाले, तर २०० चे साधारण ५४० व्हावयास हवे होते. खासदारांना लावलेली फूटपट्टी त्याच संसदेने त्या वृद्धांना कधी लावलीच नाही. ५४० रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. म्हणूनच ती न देण्याचे कारण समजणे अधिक कठीण जाते.

महाराष्ट्र शासन यात आपली भर घालते आणि जुलै २०२३ पासून श्रावणबाळ व संजय गांधी योजनांत दरमहा १,५०० रुपये मिळतात. श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ पूर्ण हवे, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. वर्षाचे २१,०००, म्हणजे महिन्याचे १,७५०. एवढ्यात कोणतेही कुटुंब चालत नाही, हे अर्ज देणारा जाणतो, दाखला देणारा जाणतो आणि मंजूर करणारी समितीही जाणते. ज्या अटीचे पालन खरे बोलून होऊच शकत नाही अशी अट घालणे, म्हणजे गरिबाला वृद्धापकाळी खोटे बोलावयास लावणे होय. जाता जाता एक विसंगती नोंदवावीशी वाटते. कामगार राज्य विमा योजनेत महिन्याला २१,००० रुपये मिळवणारा कामगार मदतीस पात्र ठरतो. आकडा तोच, एका खिडकीवर महिन्याचा, दुसऱ्या खिडकीवर वर्षाचा.

राज्याच्या कायदेमंडळाची गोष्ट निराळी नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये माजी आमदारांचे मूळ निवृत्तिवेतन ४०,००० वरून ५०,००० रुपये करणारे विधेयक चर्चेविना संमत झाले. त्याच राज्याने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांचे हमीचे निवृत्तिवेतन बंद केले होते. मार्च २०२३ मध्ये शिक्षक, परिचारिका, तलाठी असे लाखो कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले, तेव्हा हा विरोधाभास गावोगावच्या चौकांत बोलला गेला. पुढे शासनाने सुधारित योजनेचा पर्याय दिला. परंतु तिजोरीला भार पेलत नाही हे कारण कर्मचाऱ्यांच्या बाबतीत जितक्या तत्परतेने सांगितले जाते, तितके ते आमदारांच्या बाबतीत ऐकू आलेले नाही. शेजारच्या गुजरातेत माजी आमदारांना निवृत्तिवेतनच नाही, आणि त्यामुळे तेथे निवडणुकीस उमेदवार कमी पडल्याचे कोणी पाहिलेले नाही. पंजाबने २०२२ मध्ये प्रत्येक कारकिर्दीचे वेगवेगळे निवृत्तिवेतन बंद करून एका आमदारास एकच, असा कायदा केला.

दरमहा ५०,००० रुपये म्हणजे वर्षाचे सहा लाख. सहा-सात टक्के दराने एवढे उत्पन्न देणारी ठेव उभी करावयाची तर ८५ लाख ते एक कोटी रुपये लागतात. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत किराणा, काजूगर वा कापडाचे दुकान चालवणाऱ्या एखाद्या गृहस्थाचा विचार करावा. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून, मुलांची शिक्षणे आणि घरची कार्ये उरकून, त्याच्या हाती एवढी शिल्लक कितीशी उरणार? आमदाराला ती एका कारकिर्दीत, स्वतःचा एक पैसाही वर्गणी म्हणून न भरता लाभते. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या कोशात निवृत्ती हा शब्दच नाही. दुकान हेच त्याचे निवृत्तिवेतन आणि मुलगा दुकानात बसला तर तोच त्याचा विमा. सरकारसाठी तो ग्राहकाकडून कर गोळा करतो, महिन्याच्या महिन्याला विवरणपत्रे भरतो, चुकल्यास दंड देतो. त्याबद्दल तो वेतन मागत नाही.

व्यापाऱ्यांसाठी योजनाच नाही, असे नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्यांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे, तेवढेच सरकार घालणार आणि साठीनंतर ३,००० रुपये मिळणार. परंतु वय १८ ते ४० मध्येच हवे, आणि आयकर भरणारा अपात्र. अटल पेन्शन योजनेतही वयाची तीच अट आहे आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना नव्याने प्रवेश नाही. जो दुकानदार २०१९ मध्ये ४० वर्षांचा होता, त्याला २०३९ मध्ये ३,००० रुपये मिळतील. त्या वेळी त्यांचे मोल काय असेल ते त्यालाच ठाऊक. त्याला कोणताही निर्देशांक जोडलेला नाही. आणि जो ४१ वर्षांचा होता, त्याला दारच बंद. कर भरणे ही अपात्रता ठरते ती इथेच.

आरोग्याच्या बाबतीत अंतर रकमेपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता सर्व शिधापत्रिकाधारकांना, पाच लाख रुपयांपर्यंत मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचे तेवढेच संरक्षण आहे. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु आजी-माजी आमदारांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपचारांचा खर्च तिजोरीतून परत मिळतो. ती सोय माणसाबरोबर चालते. नागरिकाचे कवच मात्र ठरावीक उपचारांना आणि अंगीकृत रुग्णालयांना बांधलेले असते. रुग्णालय जेथे आहे तेथे माणसाने पोहोचावयाचे.

वेंगुर्ल्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेले जुने सेंट लूक्स आहे. पण छातीत कळ आली, मेंदूत रक्तस्राव झाला की घरातली माणसे पिढ्यान्पिढ्या एकच नाव घेत आली आहेत, ते म्हणजे बांबोळी. पेडणे, म्हापसा ओलांडून गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे दार गाठावयाचे. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना तेथे शुल्क आकारावयास सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. गोव्याला दोष देणे सोपे होते. पण आपल्या रुग्णांनी दुसऱ्या राज्याच्या दारात का जावे, हा प्रश्न १९८१ साली जिल्हा झालेल्या सिंधुदुर्गाने आपल्या राज्याला विचारावयाचा होता. ओरोस येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले, म्हणजे जिल्हा झाल्यानंतर चाळीस वर्षांनी. आपल्या आमदार-खासदारांना अपघाताच्या रात्री याच मार्गाने, याच रुग्णवाहिकेने जावे लागले असते, तर ही चाळीस वर्षे कदाचित दहावर आली असती. स्वतःच्या खिशातून आरोग्यविमा घेणाऱ्या दुकानदाराकडून तर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हप्त्यावर १८ टक्के कर घेतला जात होता.

ज्या लंडनात नाथ पै बॅरिस्टर झाले, तेथे खासदारांच्या खर्चाचे प्रकरण गाजल्यावर २००९ मध्ये वेतन व भत्त्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. पुढे वेतन आणि निवृत्तिवेतन ठरवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. तेथील खासदार आपल्या निवृत्तिवेतनासाठी पगारातून वर्गणी भरतात, आणि राष्ट्रीय आरोग्य सेवेचे दवाखाने त्यांना व त्यांच्या मतदारांना सारखेच आहेत. आपल्याकडे माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०१८ रोजी फेटाळली. हा विषय संसदेच्या अखत्यारीतला आहे, हे त्याचे सार. कायद्याने ते योग्यच. पण त्यामुळे चेंडू पुन्हा ज्यांचे माप तपासावयाचे त्यांच्याच हाती गेला.

तथापि हा विषय केवळ मुंबई-दिल्लीकडे बोट दाखवून संपत नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो, ग्रॅच्युइटीचा दहांपासून. बाजारपेठेतील बहुतेक दुकानांत दोन-तीनच माणसे असतात. मालकाच्या वडिलांच्या हाताखाली कामाला लागलेला, तीस वर्षे गोणी उतरवून माल तोलणारा नोकर या कोणत्याच कायद्यात बसत नाही. दहा माणसांच्या दुकानात तोच असता, आणि त्याचा पगार १५,००० रुपये असता, तर तीस वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी अडीच लाखांवर गेली असती. लहान दुकानात ती देण्याची सक्ती कोणावर नाही, आणि देऊ नये असेही कोणी म्हटलेले नाही.

असा माणूस ६५ वर्षांचा झाला की श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी वेंगुर्ल्याच्या तहसील कार्यालयात जातो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचे त्याला लिहून द्यावे लागते. लिहिणे जमत नसल्यामुळे तो अर्ज आदल्या दिवशी दुकानात घेऊन येतो, आणि तो रकाना कित्येकदा शेठजीच भरून देतात.